१,६५० ला एचएमटी पायलट, २,९०० ला फेवर लुबा: घेऊ की नको?

पाऊसवेडा
नमस्कार मंडळी. एक चावीचं जुनं घड्याळ घ्यायचं डोक्यात आहे. बजेट तीन हजारांच्या आत, त्यामुळे कृपया ओमेगा-बिमेगा सुचवू नका. सध्या दोन जाहिरातींवर घोडं अडलंय.

पहिली, एचएमटी पायलट. पांढरीशुभ्र डायल, हिरवे आकडे, बाराच्या खाली पंखांचं चिन्ह आणि सहाच्या वर 'इंडियन एअर फोर्स'. किंमत १,६५०, कुरिअर फुकट. वर्णनात '१९७० चं, शंभर टक्के ओरिजिनल, मिंट कंडिशन'.

दुसरी, फेवर लुबा सी चीफ. निळी डायल, बघताक्षणी आवडली. २,९००. 'आजोबांच्या खासगी संग्रहातून' असं लिहिलंय. मात्र त्याच विक्रेत्याच्या पानावर आणखी ढीगभर घड्याळं आहेत आणि त्यातल्या सी चीफच सात-आठ, प्रत्येक वेगळ्या रंगात.

दोन्हीकडे फोटो फक्त समोरून. मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. नकली असतील का? एवढ्या स्वस्त वस्तूची नक्कल कोण कशाला करेल, असंही वाटतं. पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला काय विचारावं ते सांगा.

चिमटा
आजोबांना सात-आठ सी चीफ? मनगटं किती होती त्यांना?

बारा_वाजले
'स्वस्ताची कोण नक्कल करेल' हे आधी डोक्यातून काढ. सगळ्यात जास्त हात मारला जातो तो हजार ते चार हजारांच्या पट्ट्यातच. लाखाचं घड्याळ घेणारा जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे सोडत नाही. दीड हजारवाला म्हणतो, जाऊ दे, दीडच हजार आहेत. घड्याळ आल्यावर शंका आली तरी परत पाठवायचा कंटाळा करतो. विक्रेत्याचं सगळं गणित त्या कंटाळ्यावर बसवलेलं असतं.

आता नकलीबद्दल. या किमतीत जे मिळतं त्यात मशीन बहुतेक वेळा खरंच जुनं असतं, कारण जुनी मशीनं घाऊक भावात मिळतात. खोटी असते ती डायल. डाग पडलेली डायल खरवडायची, वर नवा रंग, नवी छपाई. केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, पॉलिश किंवा नवं प्लेटिंग, काच नवी, काटे जे खणात सापडतील ते. कधीकधी एका घड्याळात चार घड्याळांचे अवयव असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, पन्नास वर्षं कुणी वापरलंच नाही!

तुझ्या पायलटकडे येऊ. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटीझनच्या सहकार्यानं बंगळुरात घड्याळांचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान ही सगळी मॉडेलं म्हणजे पुढची पोरं. लोकांच्या ओळखीचा पायलट म्हणजे काळी डायल, ठळक आकडे, अंधारात चमकणारे काटे. आत १७ ज्वेलचं (चाकांच्या टोकांखाली बसवलेले खडे) ०२३१ मशीन, आणि जनतातही हेच ०२३१ सापडतं. ग्यानबाची मेख इथेच आहे. पन्नास रुपयांची छापील डायल चढवली की कुठल्याही गरीब जनताचा 'पायलट' होतो. पंख, तिरंगा, तोफा, गणपती, गांधीजी, सगळं छापून मिळतं.

मात्र चिन्ह दिसलं म्हणून लगेच खोटं म्हणू नकोस. कंपन्या आणि संस्था निरोप समारंभात, वर्धापनदिनाला भेट द्यायला एचएमटीकडून आपलं चिन्ह छापून घ्यायच्या. ती घड्याळं अस्सल आहेत. म्हणून चिन्ह बाजूला ठेव आणि छपाई बघ. फोटो जमेल तेवढा मोठा कर. कारखान्याच्या छपाईत रेघ बारीक आणि तिची कड स्वच्छ असते. रिडायलवर, म्हणजे अशा नव्यानं रंगवलेल्या डायलवर, अक्षरं फुगतात, डायलवरच्या 'पॅराशॉक' (धक्क्यापासून संरक्षण) या शब्दातली अक्षरं एकमेकांना चिकटतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर समोर येत नाहीत. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा, आखूड पडला तर तो दुसऱ्या घड्याळाचा. काट्यांवरचा चमकणारा रंग आणि आकड्यांवरचा रंग एकाच वयाचे दिसायला हवेत. एक पिवळट आणि दुसरा पोपटी असेल तर कुठला तरी एक कालचा आहे.

विक्रेत्याला एकच सांग: मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो आणि ते चालू असतानाचा व्हिडिओ पाठव. बाकी बोलणं त्यानंतर.

दादर_पश्चिम
वरचं सगळं बरोबर आहे. पण या धंद्याला सरसकट चोर ठरवण्यापूर्वी थोडं मागे जाऊ. माझी नोकरी घड्याळाच्या दुकानात झाली, काउंटरच्या आतल्या बाजूला, त्यामुळे सांगतो.

रिडायल आम्ही उघडपणे करायचो. आपली हवा बघा. मुंबईचा, कोकणाचा पावसाळा म्हणजे घड्याळाचा वैरी. झाकणाचं रबर सैल झालं की आत वाफ धरते, डायलवर काळे ठिपके, काट्यांना गंज. गिऱ्हाईक यायचं ते 'नव्यासारखं करून द्या' म्हणूनच. त्याला म्हाताऱ्या डायलचं कौतुक नव्हतं. लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ, ते लोकांत मिरवायचंय, ठिपके दिसायला नकोत. आम्ही डायल पाठवायचो, कारागीर नवी करून द्यायचा, बिलावर लिहिलेलं असायचं. कोणाची फसवणूक नव्हती.

सुट्या भागांचं म्हणाल तर स्विस घड्याळांच्या आयातीवर तेव्हा निर्बंध होते. बरीच घड्याळं चोरट्या वाटेनं यायची. मग अस्सल पार्ट कुठून आणणार? एका मेलेल्या घड्याळातून काढून दुसऱ्याला जीव द्यायचा, हीच रीत. आमच्या खणात अशा 'देणगीदार' घड्याळांच्या डब्याच असायच्या.

मग १९८० च्या दशकाच्या शेवटी टायटनची बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली आणि बघता बघता चावीच्या घड्याळाकडे कोणी बघेना. लोक म्हणायचे, 'काका, हे घेऊन टाका, जे द्याल ते द्या.' दुकानं बंद झाली, खण रिकामे झाले, माल वजनावर गेला. पुढे इंटरनेटवर परदेशी गिऱ्हाईक भेटलं तेव्हा तोच माल रंगवून बाहेर निघाला. कारागीर तोच, ब्रश तोच. फरक एवढाच की बिलावर 'रिडायल' लिहायचं बंद झालं.

मोगरा_१
काका, सुरेख लिहिलंत. वेगळा धागा काढाच यावर.

हडसनकाठी
मी न्यू जर्सीत. इकडच्या संग्राहकांत या घड्याळांना सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नवखा कोणी फोटो टाकतो, लालभडक डायलचं सायको (Seiko) ५, आणि पाच मिनिटांत दहा जण येऊन तेच दोन शब्द लिहून जातात. लिलावाच्या साइटवर कित्येक जण भारतातून येणारा मालच गाळून टाकतात. त्यात प्रामाणिक विक्रेत्यांचंही नुकसान होतं आणि आपल्याला ते नाव ऐकून बरं वाटत नाही ते वेगळंच.

सायकोची परीक्षा मात्र त्या मानानं सोपी आहे, कारण जपान्यांनी आकडे छापून ठेवलेत. मागच्या झाकणावर '६११९-८०८३' अशा धाटणीचा क्रमांक असतो. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत डायलचाही क्रमांक असतो आणि त्याचे पहिले चार आकडे मशीनशी जुळावे लागतात. रिडायलवर ही ओळ एकतर गायब असते नाहीतर वाचता येऊ नये इतकी लिबलिबीत. झाकण ७००९ चं आणि डायल ६११९ ची, असंही हमखास दिसतं.

सिरियल नंबरवरून वयही कळतं. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना; ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. दशक मात्र मशीनवरून ताडावं लागतं. ६११९ साठच्या दशकाच्या शेवटचं आणि सत्तरच्या दशकाचं, त्यामुळे त्यावर '५१...' असेल तर ते जानेवारी १९७५. विक्रेता '१९६५ चं' म्हणत असेल तर त्याला हे विनम्रपणे दाखवा आणि गंमत बघा.

अजून एक. ६११९ असो, ७००९ असो की नंतरचं ७एस२६, या सायको ५ ला चावी देता येत नाही. हातात धरून हलवायचं, मग ते चालतं. कोणी लिहिलं असेल 'फुल चावी दिल्यावर उत्तम चालतं', तर एकतर त्यानं घड्याळ हातातच घेतलेलं नाही, नाहीतर आत भलतंच काही बसवलंय.

पाऊसवेडा
बापरे, एवढं असतं हे माहीतच नव्हतं. दोन्ही विक्रेत्यांना मशीनचा फोटो मागितलाय. फेवर लुबाचं काय? मला खरं तर तेच जास्त आवडलंय.

बारा_वाजले
आवडणारच. ज्यानं रंगवलंय त्यानं तुझ्यासाठीच रंगवलंय.

फेवर लुबा ही १७३७ पासूनची स्विस पेढी, आणि मुंबईशी तिचा संबंध १८६५ पासूनचा. त्यामुळे आपल्याकडे तिची घड्याळं घराघरांत होती. सी चीफ, सी किंग, डेमॅटिक. दबदबा असा की कित्येक घरांत 'फेवरलुबा' हा एकच शब्द होता. २०११ मध्ये टायटननं हा ब्रँड विकत घेतला, पुढे २०२३ मध्ये तो घड्याळं विकणाऱ्या इथॉस कंपनीकडे गेला. एवढं नाव, एवढी जुनी घड्याळं, त्यामुळे रंगाऱ्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक हेच.

सी चीफच्या मूळ डायली बहुतेक शांत असतात. चंदेरी, मोतिया, काळी, कधी गडद निळी. तुझ्या फोटोतला मोरपंखी निळा आणि बाजूच्याच जाहिरातीतला टोमॅटो लाल, यांची छपाई शेजारी ठेवून बघ. 'फेवर-लुबा जिनिव्हा' या ओळीतला तोच एक वाकडा 'व्ही' दोन्हीकडे आहे. एकाच साच्यातून निघाल्यात. सहाच्या खालचं 'स्विस मेड' दोन्हीवर नाही.

खरं उत्तर मशीनवर मिळेल. सी चीफच्या काही घड्याळांत कंपनीचं स्वतःचं एफएल २५० मालिकेतलं, दोन बॅरलचं (स्प्रिंगच्या दोन डब्या असलेलं) मशीन असतं आणि त्यावर कंपनीची खूण कोरलेली असते. रंगवलेल्या मालात त्या जागी बरेचदा एफएचएफ ९६ निघतं. तेही स्विस, १७ ज्वेलचं, दणकट मशीन आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. आपल्या बाजारात ते इतकं मुबलक होतं की कुठल्याही नावाच्या डायलखाली तेच बसवलं जातं. कॅमी, टिटोनी, ओरिस, हवं ते छापा. एफएचएफ दिसलं आणि वर सी चीफ लिहिलं असेल तर दहादा विचार कर.

मोगरा_१
मला एक कळत नाही. घड्याळ चालतंय, दिसायला छान, किंमत एका हॉटेलच्या बिलाएवढी. नवं घड्याळ घेतलं तरी तीन हजारांत काय मोठं मिळतं? घालायची हौस आहे, वस्तुसंग्रहालय थोडंच काढायचंय. मी स्वतः असंच एक गुलाबी डायलचं वापरते. ते रिडायल आहे हे माहीत आहे, मला गुलाबीच हवं होतं.

बारा_वाजले
तुम्हाला माहीत होतं, तुम्ही त्याची किंमत दिलीत, काही हरकत नाही. माझा राग दोन गोष्टींवर आहे. एक तर पाऊसवेडाला कोणी 'हे रंगवलेलं आहे' असं सांगत नाहीये, 'शंभर टक्के ओरिजिनल' सांगतायत. दुसरं म्हणजे असा माल बनवायला खरी घड्याळं मोडली जातात. थोडी पिवळटलेली, कारखान्याची छपाई शाबूत असलेली जनता येते. ती तशीच विकली तर गिऱ्हाईक म्हणतं 'जुनाट दिसते'. मग तिची डायल खरवडून पायलट करतात. ती डायल कायमची गेली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, म्हणजे त्या काळची अशी डायल पुन्हा बनणार नाही. जे आहे तेच, आणि तेही आपण खरवडतोय.

दादर_पश्चिम
बारा, तुझं दुखणं समजतं. पण कारागिराच्या बाजूनंही बघ. खराब झालेली डायल तुझ्यासारखे किती जण घेतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचा बाजार 'मिंट' मागतो. गिऱ्हाईकाला सुरकुत्या नकोत आणि वयही हवं, म्हणजे होणार ते हेच.

आणि सगळी रिडायल सारखी नसतात. जुने काही कारागीर असे होते की आम्हालाही आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावल्याशिवाय ओळखता यायचं नाही. हल्ली ज्या पांढऱ्या-हिरव्या दिसतात ती घाईची कामं आहेत.

बारा_वाजले
काका, चांगल्या कारागिराला माझा नमस्कारच. पण 'गिऱ्हाईक मागतं' म्हणून खोटं वर्णन लिहायची सूट मिळत नाही ना. 'रिडायल केलेलं, मशीन मूळ' असं लिहून तेच घड्याळ विकता येतं. विकणारे आहेतही तसे. त्यांच्याकडून मी बिनदिक्कत घेतो.

दादर_पश्चिम
ते मान्य. लिहायलाच हवं.

अणुरेणू
एक सुरक्षिततेची गोष्ट. आपण अंधारात चमकणाऱ्या सगळ्याला 'रेडियम' म्हणतो, पण साठच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ घड्याळांत खरोखरचं रेडियम असायचं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. मनगटावर घालण्याचा धोका थोडा. खरा धोका त्याची पूड श्वासात किंवा पोटात जाण्याचा. म्हणून जुन्या स्विस घड्याळाची काच घरी काढून काट्यावरचा रंग खरवडायचा उद्योग करू नका. डायलच्या तळाशी 'टी स्विस मेड टी' असं दिसलं तर ते ट्रिटियम, ते पुष्कळ सौम्य आणि एव्हाना बहुतेक विझलेलं. रंगाऱ्याच्या दुकानात हे सगळं साध्या ब्रशनं झाडलं जातं, याचं मला जास्त वाटतं.

काळा_कोट
कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये खोटेपणानं अस्सल म्हणून विकलेल्या मालासाठी वेगळी व्याख्या आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. साइटनं तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जायचं ठरलं तर तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

बनावट ट्रेडमार्क लावून विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली गुन्हाही आहे, पण २,९०० रुपयांसाठी त्या वाटेला कोणी जात नाही हेही खरं.

हे सगळं साइटवरून घेतलं तर. समाजमाध्यमावरच्या पानाला 'भाऊ, यूपीआय करा, उद्या पाठवतो' म्हणून पैसे पाठवले आणि पान गायब झालं, तर ती सायबर फसवणूक. लगेच १९३० ला फोन करायचा, तासाचाही उशीर नको.

पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ करा, पाकिटावरच्या चिठ्ठीपासून. घड्याळवाल्याकडे झाकण उघडायला नेलंत तर त्याचाही. नाहीतर विक्रेता म्हणतो, मशीन तुम्हीच बदललंत.

चिमटा
म्हणजे घड्याळ १,६५० चं आणि चित्रीकरण लग्नाचं.

पाऊसवेडा
अपडेट. फेवर लुबावाला म्हणतो, 'झाकण उघडलं तर वॉटरप्रूफ सील तुटेल, म्हणून मशीनचा फोटो देत नाही.' परत विचारलं तर 'घ्यायचं असेल तर घ्या, खूप चौकशा आहेत.'

पायलटवाल्यानं मात्र लगेच फोटो आणि व्हिडिओ पाठवला. खाली जोडलाय. बॅलन्स (मागेपुढे डुलणारं चाक) फिरताना दिसतोय. ०२३१ वाचता येतंय. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणीतरी टोकदार वस्तूनं बारीक अक्षरांत काहीतरी कोरलंय, ते काय असतं?

बारा_वाजले
पन्नास वर्षांच्या घड्याळाचं वॉटरप्रूफ सील! ते रबर केव्हाच दगड झालं असणार. त्याला राम राम कर. ज्याला विकायचंय तो झाकण उघडतो, दोन मिनिटांचं काम आहे.

पायलटचं मशीन चांगलं दिसतंय. स्क्रूंच्या खाचा खाल्लेल्या नाहीत, म्हणजे कसायाच्या हातात पडलेलं नाही. बॅलन्सचा झोकही बरा आहे. डायल मात्र मी म्हणालो तशीच. कडेचा फोटो मोठा करून बघ, काठावर रंगाचा ओघळ सुकलाय. कारखान्यात असं होत नाही.

दादर_पश्चिम
झाकणातली अक्षरं म्हणजे दुरुस्तीवाल्याची खूण. सर्व्हिसिंग केलं की आम्ही आतून तारीख आणि आपली खूण कोरायचो, म्हणजे गिऱ्हाईक 'परवाच तर केलं होतं' म्हणत आलं की उघडून दाखवता यायचं. तुमच्या फोटोत '३/८४' दिसतंय, आणि खाली बहुतेक '८९'. मला विचाराल तर अख्ख्या घड्याळात सगळ्यात खरी गोष्ट तेवढीच आहे. कोणीतरी ते चौऱ्याऐंशी साली वापरत होतं आणि नीट सांभाळत होतं.

पण म्हणून १,६५० देऊ नका. मशीनचे आणि केसचे म्हणून हजाराच्या आतबाहेर ठीक. वर सर्व्हिसिंगचे पाच-सातशे धरा. ऑनलाइनचं 'सर्व्हिस केलेलं' म्हणजे बहुतेक वेळा तेलाचा एक थेंब.

पाऊसवेडा
त्याला हजार म्हणालो. तो १,५०० च्या खाली येईना. डायल रंगवलेली आहे का विचारलं तर म्हणाला, 'डायल नवीन आहे साहेब, तुम्हाला जुनी हवी का? जुनीपण आहे.' आणि एका जनताचा फोटो पाठवला. हा जोडलाय. डायल पिवळट, चारच्या जवळ डाग, काचेवर ओरखडे. म्हणतो, 'ही कोणी घेत नाही, १,२०० ला न्या.'

बारा_वाजले
थांब थांब थांब. फोटो उजेडात घेऊन परत पाठवायला सांग. डायलचा सरळ वरून एक, काठाचा एक. आणि मशीन.

हडसनकाठी
छपाई बघा 'जनता'ची. रेघा धारदार आहेत. मिनिटकाटाही बरोबर पोचतोय.

पाऊसवेडा
आले फोटो. मशीन ०२३१. झाकणात तीन खुणा.

बारा_वाजले
डायल कारखान्याची आहे. डाग छपाईच्या वर पसरलाय, म्हणजे छपाई डागाच्या आधीची. रंगवलेल्या डायलवर उलटं दिसतं, डाग खाली आणि अक्षरं वर टवटवीत. काटेही तिचेच वाटतायत. चावीचं बटण बदललेलं आहे, ते जरा जाड दिसतंय, पण ते वापरात झिजतंच, त्याला कोणी नावं ठेवत नाही. काच प्लॅस्टिकची असते, पॉलिशच्या पेस्टनं ओरखडे निघतील. १,२०० ला घे. मला हवी असती तर मीच विचारलं असतं. माझ्याकडे जनता जागा अडवून बसल्यात.

मोगरा_१
आणि पावसा, तुला निळं हवं होतं ना रे? पिवळट चालणार का?

पाऊसवेडा
चालेल. निळ्याचा मोह आहे अजून, खोटं कशाला बोलू. पण त्या वाकड्या 'व्ही'नंतर ते मला डोळ्यांसमोरही नको. जनता साइटवरूनच घेतली, यूपीआय बाहेर केलं नाही. वर्णनात 'मूळ डायल' असं विक्रेत्याकडून लिहून घेतलंय, काळा_कोट यांच्या सल्ल्यानं.

काळा_कोट
उत्तम. त्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, जाहिरातीचेही. विकल्यावर पान उडवतात.

एक_वाचक
धागा उशिरा पाहिला. ज्यांना ही पारखच नको असेल त्यांच्यासाठी: एचएमटीच्या स्वतःच्या वेबसाइटवर अधूनमधून माल येतो आणि लगेच संपतो. तिथे निदान खऱ्या-खोट्याची चिंता नाही. पुण्यातल्यांनी जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारावी, हातात घेऊन, कानाला लावून बघता येतं. रंगवलेला माल तिथेही असतोच, पण झाकण तिथल्या तिथे उघडून मागता येतं.

पाऊसवेडा
घड्याळ आलं. चालतंय. घड्याळवाल्याकडे सर्व्हिसिंगला टाकलंय, त्यानं उघडून बघितलं आणि 'मशीन चांगलं आहे' म्हणाला. दोन प्रश्न. चावी किती द्यायची? आणि पट्टा कुठला?

दादर_पश्चिम
चावी रोज ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी, मनगटावर बांधायच्या आधी. बांधलेलं असताना दिली तर चावीच्या दांड्यावर तिरका जोर येतो. शेवटी हाताला अटकाव लागतो, तिथे थांबायचं, त्यापुढे जोर करायचा नाही. सर्व्हिसिंगवाल्याला सांगा, झाकणात खूण करायला विसरू नको म्हणून. हल्लीची पोरं करत नाहीत.

बारा_वाजले
पट्टा घेण्याआधी तो अडकतो त्या केसच्या दोन शिंगांमधलं अंतर मोज, बहुधा १८ मिमी निघेल. पावसाळा आहे तोवर कातडी घेऊ नकोस, कुजते आणि वास मारते. साधा नायलॉनचा घे, दोनशेत येतो.